मागच्या दाराची किल्ली

इमारतीला आग लागली तर माणसे कोणत्या दाराने बाहेर पडतील, याचे गणित संगणकावर मांडतात. माणसांची संख्या, दारांची रुंदी, जिन्याचे अंतर घातले की इमारत किती वेळात रिकामी होईल ते कळते. साध्या हिशेबात प्रत्येक माणूस एकटा असतो आणि जवळचे दार धरतो. भिवंडीतल्या गोदामांत काम करणाऱ्या बायांमध्ये अशी एकटी, मोकळी बाई मला अजून भेटायची आहे.

१९७३ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागून ५० माणसे मेली. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने वाचलेल्यांच्या हकिगती तपासल्या. माणसे आपल्या माणसांकडे आणि ओळखीच्या वाटेकडे धावली होती. मुले दुसरीकडे असलेले आईबाप आधी मुलांना शोधत होते. (हे कळायला आपल्याला शास्त्रज्ञ लागला नसता!) मुंबईत कमला मिलच्या आगीत, डिसेंबर २०१७ मध्ये, १४ जण गेले, त्यांत ११ स्त्रिया. बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले. कधी न वापरलेली वाट धुरात कशी सापडणार?

आमच्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये जिलानी इमारत पहाटे झोपेतच कोसळली. तिथे दार निवडायला वेळच नव्हता. तो प्रश्न वेगळा. गोदामात मात्र दार असते आणि कुलूपही असते. सुटी झाली की बाया एकाच शटरखालून वाकून निघतात, कारण तिथे पिशव्यांची झडती होते. मागचे दार चोरीच्या भीतीने बंद, त्याच्यापुढे खोक्यांची थप्पी.

२००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याखाली आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला मालकाने दर जानेवारी-जुलैत द्यायचा असतो. पण पंप चालतो म्हणून बाया वाचतील असे नाही. आठवड्यातून एकदा तरी सुटी मागच्या दाराने झाली पाहिजे, म्हणजे पायांना ती वाट कळेल. त्या दाराची किल्ली आत काम करणाऱ्या बाईकडे हवी. आणि पाळणाघर हवेच. आवारात खेळणारे पोर नक्की कुठे आहे हे माहीत नसेल, तर आई दाराकडे जाणारच नाही. आपल्या संघटना पाळणाघराची मागणी करतात तेव्हा हे कारणही पुढे ठेवावे.

एका गोदामवाल्याशी हे बोलले. किल्ली द्यायला तो कसाबसा तयार झाला. मागून सुटी मात्र नको म्हणाला. तिथे झडती कोण घेणार?