वेग कोणत्या अक्षरांवर मोजायचा?

मी भाषेचा शिक्षक, संगणकाचा नाही. पण वर्गातल्या मुलांची नावे शेवटी कुठल्यातरी डेटाबेसमध्येच जातात, म्हणून हा विषय आपलाही आहे.

पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा मुक्त डेटाबेस. त्यात मजकुराची फाइल भरण्यासाठी ‘कॉपी’ ही आज्ञा आहे. स्वल्पविराम आला का, अवतरणचिन्ह आले का, ओळ संपली का, हे ती एकेक बाइट बघत तपासत आली आहे. २०२५ मध्ये हे काम जलद करण्याचा प्रस्ताव आला. आजच्या प्रोसेसरमध्ये व्हेक्टर सूचना असतात. त्यांनी १६ बाइट एकदम तपासता येतात. त्यात एकही खूण नसेल, तर १६ बाइट एका उडीत पार.

पण फाइलमध्ये पावलोपावली अवतरणचिन्हे असतील तर? तेव्हा एकदम केलेली तपासणी वाया जाते आणि पुन्हा एकेक बाइट बघावा लागतो. म्हणजे एकाचे काम झटपट आणि दुसऱ्याचे आधीपेक्षाही संथ. म्हणून असा कोड तपासणाऱ्याने सोपी आणि अवघड, दोन्ही प्रकारची फाइल चालवून बघायला हवी. फक्त हुशार मुलांचे पेपर तपासून वर्गाचा निकाल लावता येत नाही.

माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. या चाचणीत मराठी आणि उर्दू मजकूरही हवा. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दूला २, देवनागरीला ३. मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘गोवंडी’ इंग्रजीत ७ बाइट, उर्दूत १२ आणि मराठीत १८. एका उडीत आपली वस्ती मावतच नाही!

यूटीएफ-८ची एक खुबी अशी, की आपल्या अक्षराचा कोणताही बाइट इंग्रजी स्वल्पविरामाशी जुळत नाही. उर्दूच्या उलट्या स्वल्पविरामाचे बाइटही वेगळे. पण जपानी लिपीच्या शिफ्ट-जेआयएस या जुन्या पद्धतीत काही अक्षरांचा दुसरा बाइट थेट उलट्या तिरप्या रेघेसारखा असतो. तिथे घाई केली तर अक्षर मधोमध तुटेल. ज्याने एकच लिपी पाहिली, त्याला ही शंका सहज सुचणार नाही. दोन-तीन लिप्यांत वाढलेल्या मुलांना सुचू शकते.

गोवंडीत अशी मुले घरोघर आहेत. उर्दूत शिकतात, मराठीत अर्ज लिहितात, इंग्रजीत कोड लिहितात. नोकरीच्या मुलाखतीत गोवंडीचा पत्ता सांगितला की समोरच्याच्या कपाळावर आठी येते, असे इथले अनेक तरुण सांगतात. मुक्त प्रकल्पात कोड तपासायला पत्ता लागत नाही. आपले मोजमाप मांडायचे, चूक दाखवायची, एवढेच. पगार मिळत नाही, हे खरे. पण केलेले काम सर्वांसमोर राहते.

संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आठवड्यातला एक तास यासाठी द्यावा. चाचणीच्या फाइलमध्ये आपली अक्षरे आपणच घातली पाहिजेत.