दूध घड्याळाला विचारून येत नाही

'दर तीन तासांनीच पाजायचं. मध्ये रडलं तर थोपटायचं, नाहीतर सवय लागते. एवढं करूनही वजन वाढलं नाही तर तुझं दूध पुरत नाही गं, वरचं चालू कर.' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. आई देते, सासूबाई देतात, शेजारच्या काकू देतात, कधीकधी दवाखान्यातही हेच ऐकायला मिळतं. तो इतका अंगवळणी पडला आहे की त्याला आधार काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते अंगावर पिणाऱ्या कित्येक बाळांचं वजन या सल्ल्यामुळेच अडतं.

सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती वेडगळ नाही. त्यांचं म्हणणं असं, की पोटभर प्यायलेलं बाळ दोन-तीन तास निवांत झोपतं. सारखं पाजलं तर ते अर्धवट पितं, त्याच्या पोटात सुरुवातीचं पातळ दूधच जातं आणि दाट, स्निग्ध दूध राहून जातं. शिवाय आईला झोप मिळत नाही, आणि दमलेल्या बाईला दूध कुठून येणार?

या तासांच्या हिशेबाला एक इतिहास आहे. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांच्या पुढाकाराने १९०७ साली तिथे प्लंकेट सोसायटी ही बालसंगोपनाची संस्था स्थापन झाली. दर चार तासांनी पाजा आणि रात्री पाजू नका, हा त्यांचा दंडक पुढे ब्रिटन-ऑस्ट्रेलियातही पोचला. किंग यांचा हेतू वाईट नव्हता. जुलाबांनी मरणारी बाळं वाचवायची, ही त्यांची तळमळ होती आणि अंगावरच्या दुधाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कारही केला. पण याआधी त्यांनी वासरांच्या आहारावर काम केलं होतं आणि शिस्तीवर त्यांची अपार श्रद्धा होती. आईच्या छातीत दूध कसं तयार होतं, हे मोजून हा दंडक ठरलेला नव्हता.

ते मोजमाप बऱ्याच नंतर झालं. स्तन भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो आणि रिकामा होत गेला की वाढतो. एका वेळी किती दूध साठू शकतं, हेही प्रत्येक बाईचं वेगळं असतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या आणि नीट वाढणाऱ्या बाळांची दिवसभराची पाजणी वजन करून तपासली. कुणी दिवसाला ६ वेळा पीत होतं, कुणी १८ वेळा. सरासरी ११ होती. किती वेळा पाजलं आणि दिवसभरात एकूण किती दूध गेलं, यांचा परस्परांशी संबंध आढळला नाही. सहा वेळा पिणारं बाळ उपाशी नव्हतं, अठरा वेळा पिणारं हावरट नव्हतं. ज्याला बारा वेळा लागतं, त्याच्यावर तीन तासांचा नियम लादला की दिवसाला चार पाजण्या बुडतात. इतकंच नव्हे, तुंबलेल्या स्तनाला 'कमी बनव' असा निरोप जातो.

पातळ दुधाचा मुद्दाही टिकत नाही. दुधातली स्निग्धता घड्याळावर ठरत नाही, स्तन किती रिकामा आहे यावर ठरते. तासाभराने पुन्हा प्यायला लागलेल्या बाळाला सुरुवातीचंच दूध जास्त स्निग्ध मिळतं. चार तास तुंबलेल्या स्तनातून येणारं पहिलं दूध खरं पातळ. म्हणजे ज्या भीतीपोटी अंतर वाढवायला सांगतात, ती भीती अंतर वाढवल्यानेच खरी होते.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. त्या आईला सांगतात, 'पाजत राहा, पाजत राहा, वजन आपोआप वाढेल.' हेही मला मान्य नाही. दिवसाला चौदा वेळा छातीशी असलेलं बाळ वाळत चाललेलं दिसतं, तेव्हा आकडा वाढवून काही होत नाही. बाळ पितंय का, ते जवळ बसून बघावं लागतं. तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसावा, खाली कमी. आधी भराभर चोखणं, मग संथ, खोल घोट आणि घोटागणिक गिळल्याचा बारीक आवाज. हे नसेल, आणि सोडल्यावर स्तनाग्र चपटं, पांढरं पडलेलं दिसत असेल, तर बाळ नुसतं चघळतंय. मग आई रडवेली होते, तिला चिरा पडतात आणि घरचे अळीव-शतावरी वाढवत बसतात. अळिवाची खीर तिने जरूर खावी. पण बाळाची पकड खिरीने सुधारत नाही. आयआयटी मुंबईशी जोडलेल्या डॉ. रूपल दलाल बाळाला धरण्याची आणि पकडीची ही पद्धत वर्षानुवर्षं शिकवत आल्या आहेत. असं काम तालुक्या-तालुक्यात व्हायला हवं.

वजनाचा हिशेबही आपण चुकीचा करतो. २ किलो ८०० ग्रॅमचं बाळ चौथ्या दिवशी २ किलो ६०० भरतं. जन्मानंतर सात टक्क्यांच्या आसपास घट होणं नेहमीचं आहे. चौदाव्या दिवशी तेच बाळ २ किलो ८५० भरलं, की आजी म्हणते, 'दोन आठवड्यांत अवघे पन्नास ग्रॅम!' प्रत्यक्षात दहा दिवसांत अडीचशे ग्रॅम वाढले, म्हणजे रोजचे पंचवीस. पहिल्या तीन महिन्यांत रोज पंचवीस-तीस ग्रॅमची वाढ छान म्हणायची. तिसऱ्या महिन्यानंतर वेग उतरतो, तेव्हा पुन्हा घबराट होते. वाढीचे जुने अमेरिकी तक्ते मुख्यतः वरच्या दुधावरच्या बाळांवरून काढलेले होते. त्यांच्याशी ताडून पाहिलं की अंगावर पिणारं धडधाकट बाळही मागे पडल्यासारखं दिसे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली अंगावर पिणाऱ्या बाळांवरून नवे तक्ते आणले. त्यांच्या सहा देशांच्या अभ्यासात आपली दिल्लीही होती.

आणि 'वरचं चालू कर' हा सल्ला तर स्वतःच स्वतःला खरं ठरवतो. संध्याकाळी बाळ किरकिरतं, सारखं प्यायला मागतं. तान्ह्या वयात ते नेहमीचंच असतं. तेव्हा बाटली दिली की ते गाढ झोपतं. सगळे म्हणतात, बघा, उपाशीच होतं. तेवढा वेळ स्तन भरलेला राहतो, दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी येतं, बाटली थोडी मोठी होते. महिनाभरात दूध खरोखरच आटतं आणि दोष आईच्या माथी येतो. दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. घरातल्या धाकाला मात्र कुठलाच कायदा लागू होत नाही.

घड्याळ लागतं, पण वेगळ्या कारणासाठी. कमी वजनाचं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा काविळीने सुस्तावलेलं बाळ भुकेने रडतच नाही. त्याला दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं. 'मागेल तेव्हा पाजा' हा नियम अशा बाळाला घातक ठरतो. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, किंवा दोन आठवड्यांतही जन्माचं वजन भरून आलं नसेल, तर लगेच डॉक्टर गाठावा. काही बायकांना खरंच दूध कमी येतं, आणि त्यांच्या बाळाला वरचं दूध देणं हाच उपचार असतो. त्यांना कुणी कमी लेखू नये.

बाळ आणि वजनकाटा दोन्हींकडे बघणारी माणसं आपल्याकडे आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्याच धर्तीवर आज देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येऊन बाळाला झोळीत ठेवून तोलतात. पण नॉर्मल बाळंतपणानंतर बाईला साधारण दोन दिवसांत घरी सोडतात, आणि तोवर अनेकींना पान्हाही नीट फुटलेला नसतो. त्या दोन दिवसांत निदान एक पाजणी पहिल्या घोटापासून बाळाने आपणहून सोडेपर्यंत एखाद्या शिकलेल्या परिचारिकेने शेजारी बसून बघावी, आणि 'गिळतंय' असं कागदावर लिहून सही केल्याखेरीज सुट्टी देऊ नये. घरी सोडतानाच्या कागदावर आज 'दर तीन तासांनी' छापलं जातं. त्या जागी ही सही हवी.