झुकते माप

पूर्वी वाणी धान्य मोजून झाल्यावर मूठभर धान्य वर आणखी टाकत असे. त्याने त्याचे फारसे नुकसान होत नसे. गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र कायमचा जोडला जाई. यालाच आपण ‘झुकते माप’ म्हणतो. आता दुकान मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. तेथे तराजू दिसत नाही, दुकानदाराचा चेहराही दिसत नाही. मग तेथे झुकते माप कसे द्यावे?

याचे एक उत्तर आपल्याच देशात सापडते. २००७ मध्ये बंगळूरु येथे फ्लिपकार्ट या कंपनीने ऑनलाइन पुस्तकविक्रीस प्रारंभ केला. त्या काळी फार थोड्या लोकांकडे क्रेडिट कार्ड होते. शिवाय, न पाहिलेल्या वस्तूसाठी आगाऊ पैसे देण्यास मन धजत नसे. हे ओळखून कंपनीने २०१० मध्ये वस्तू हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली. जोखीम विक्रेत्याने पत्करली, म्हणून ग्राहक पुढे आला.

आज ग्राहक काय शोधतो, काय निवडून सोडून देतो, हे सारे विक्रेत्याला कळते. परंतु माहिती असणे आणि समजून घेणे यांत अंतर आहे. ‘दोनच नग शिल्लक’ असे खोटे सांगून घाई करणे किंवा न मागितलेली वस्तू बिलात घालणे, हा त्या माहितीचा दुरुपयोगच होय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. २०२० च्या नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

कायदा खोटे माप रोखू शकतो. झुकते माप मात्र विक्रेत्याने स्वतःहून द्यावयाचे असते. उद्या तुमच्यापैकी कोणी घरचे पापड किंवा साड्या मोबाईलवरून विकू लागेल. तेव्हा छायाचित्रात साडीचा खराच रंग दाखवावा, पोहोचवण्याचा खर्च आधीच सांगावा आणि न आवडलेली वस्तू कुरकुर न करता परत घ्यावी. पडद्यापलीकडच्या अनोळखी माणसाला ती मूठभर धान्याची जागा लगेच कळते.