दहा मिनिटं गाडी थांबेल

एसटी स्टँडवरून : वाटसरू

रातराणीचा वाहक हॉटेलपाशी आतले दिवे लावतो आणि ओरडतो, ‘‘चला, दहा मिनिटं गाडी थांबेल!’’ त्यानंतर कोण उतरतं याकडे एकदा लक्ष देऊन बघा. सगळ्यांत आधी उड्या मारत उतरतात ती कॉलेजची पोरं, ज्यांच्या पायांना काहीही झालेलं नसतं. मग चहावाले, तंबाखूवाले, मग लेकराला लघवीला नेणारा बाप. गाडीत उरतं कोण? पदर कानावरून घेऊन खिडकीशी बसलेल्या पन्नाशीपुढच्या बायका, गुडघ्याला पट्टा बांधलेली आजी, दोन पायांत काठी धरून बसलेले आजोबा. वाहक मायाळू असला तर म्हणतो, ‘‘आजी, उतरा की, पाय मोकळे करा जरा.’’ आजीचं उत्तर ठरलेलं. ‘‘नको रे बाबा. उतरीन एक वेळ, पण परत चढवायचं कुणी?’’

म्हणजे ज्यांच्या पायांना त्या दहा मिनिटांची खरी गरज असते, तेच नेमके जागेवर. त्याबद्दल आपण त्यांनाच बोल लावतो: आळस, संकोच, हट्ट. मला हे पटत नाही. माणूस प्रवासात हलतो की नाही, हे त्याच्या शिस्तीपेक्षा गाडीची पायरी, थांब्यावरचं स्वच्छतागृह आणि चालकाचं घड्याळ ठरवतं.

आरामाची आपली कल्पनाही जरा चमत्कारिक झाली आहे. मानेची फुगवायची उशी, मागे रेलणारी सीट, एसी, डोळ्यांवरची पट्टी. बाजारात आराम म्हणून जे जे मिळतं ते सगळं माणसाला आहे तिथे गच्च बसवून ठेवण्यासाठी. मानेला उशी हवी, तिच्याशी माझं भांडण नाही. पण शरीराचा खालचा अर्धा भाग या व्यवहारात कुणी विचारातच घेत नाही.

हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं. ते परत वर आणायचं काम बरंचसं पोटरीचं. पोटरीचा स्नायू आवळला की शिरांमधलं रक्त वर चढतं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. गावातल्या हापशासारखंच हे. दांडा कुणी मारलाच नाही तर पाणी वर यायचं कसं? सहा तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, तो त्यामुळे. बहुतेकांची ही सूज रात्री पाय उंचावर ठेवून झोपलं की उतरते. काहींच्या बाबतीत मात्र साचलेल्या रक्ताची शिरेत गाठ होते.

हे दुखणं विमानामुळे आलं असं अनेकांना वाटतं. पण १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्ररात्र निवाऱ्यांत आरामखुर्च्यांवर बसून काढायचे. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की अशा बसून राहिलेल्यांमध्ये फुप्फुसात गाठ अडकून मृत्यू होताहेत. त्या कापडी खुर्चीची पुढची दांडी मांडीला खालून दाबत होती. विमानाचा काही संबंधच नव्हता, बसण्याचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये या विषयावरचा अहवाल दिला, त्यातही हेच आहे. चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर अशा गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे, बस किंवा मोटार. घाबरून जाण्यासारखं त्यात नाही. निरोगी माणसात हे प्रमाण सहा हजारांत एखादं, असं तोच अहवाल सांगतो.

त्या अहवालातली एक गोष्ट मात्र मला आपल्या गाड्यांशी थेट जोडलेली वाटते. विमानप्रवाशांमध्ये फार उंच माणसांना धोका जास्त दिसला, हे समजण्यासारखं आहे. पण १६० सेंटिमीटरपेक्षा ठेंगण्या माणसांनाही तो जास्त दिसला. पाय जमिनीला टेकत नाहीत, सीटची कड गुडघ्यामागे रुतते. आता आपल्या घरातल्या आई, आत्या, मावशी डोळ्यांपुढे आणा. यांतल्या किती जणी सव्वापाच फुटांच्या वर आहेत? लालपरीच्या सीटवर बसलेल्या आजीचे तळवे बघा, बहुतेक वेळा अधांतरी असतात. आजी बसल्या बसल्या पाय वर घेऊन मांडी घालते, तेव्हा शेजारचा प्रवासी कपाळाला आठ्या घालतो. ती बिचारी रुतणाऱ्या कडेपासून सुटका करून घेत असते. यावर सोपा उपाय म्हणजे पायाखाली कपड्यांची पिशवी ठेवणं. मांडी सुटते, तळवे टेकतात आणि टाचा वर-खाली करता येतात. दर अर्ध्या तासाने पंचवीस-तीस वेळा टाच उचलायची, मग पंजा. शेजाऱ्याला कळतही नाही.

पाठीचं गणित वेगळं. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या वर-खाली हादऱ्यांनी सगळ्यांत जास्त थरथरतो आणि खराब रस्त्यावरची गाडी नेमके तेच हादरे देते. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यांचं पोषण आजूबाजूनं झिरपून होतं आणि त्याला हालचाल लागते. म्हणून मागच्या चाकांच्या मागची सीट मिळाली की जुनी माणसं नाक मुरडतात, ते बरोबरच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा धरावी. खिडकीचा मोह सोडून वाटेकडेची घ्यावी, म्हणजे उठताना कुणाला ‘जरा सरका’ म्हणायला नको. खाजगी ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये पाय आडवे होतात, शिरांना ते चांगलंच. पण साठीच्या माणसाला वरचा बर्थ देणाऱ्या एजंटला एकदा त्या शिडीवरून रात्री दोनला खाली उतरायला लावलं पाहिजे.

रेल्वेचं त्या मानाने बरं. उठून दारापर्यंत जाता येतं, शौचालय डब्यातच असतं. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ देण्याची सोय आरक्षणात आहे. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली.

आता पाण्याबद्दल. रात्रीच्या गाडीने निघालेली बाई दुपारपासून पाणी तोडते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं, प्रत्येकीने आपल्या अनुभवानं ठरवलेलं असतं. स्टँडवरचं स्वच्छतागृह कसं असतं ते मी सांगायला नको. हॉटेलच्या मागचं त्याहून वाईट, आणि वाटेत दिवा नाही. मग घोटभर पाण्यावर आठ तास. अंगातलं पाणी कमी, लघवी तुंबवलेली आणि उठणं नाहीच, कारण उठायचं कारणच तिने दुपारी बंद करून टाकलेलं. दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते, तेव्हा ‘गाडीची उष्णता लागली’ म्हणून धण्याचं पाणी देतात. डॉक्टर मंडळी लेख लिहून ‘प्रवासात भरपूर पाणी प्या’ असं सांगतात, तेव्हा मला त्यांना एखाद्या तालुक्याच्या स्टँडवर रात्री साडेअकराला न्यावंसं वाटतं. आधी कडी लागणारं दार द्या, मग सल्ला द्या.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट नाही. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं. दोन्ही निर्णय मला मनापासून आवडले. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या आज्या लेकीकडे, माहेरी, तुळजापूरला जाताना दिसू लागल्या. पण प्रवासी बदलले आणि गाडी तीच राहिली. पहिली पायरी आजही कित्येक गाड्यांत गुडघ्याच्या उंचीला आहे. गाडी फलाटापासून चार हात लांब उभी राहिली तर तेवढाही आधार नाही. तिकीट फुकट आणि पायरी चढवत नाही, अशा गाडीत एकदा बसलेली आजी थांब्यावर उतरेल कशाला? फिरती पायरी किंवा लाकडी चौरंग ठेवायला, दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावायला महामंडळाला फार मोठा निधी लागणार नाही. आणि थांबा दहाऐवजी वीस मिनिटांचा करावा. गुडघेदुखी असलेल्या माणसाची दहा मिनिटं उतरण्या-चढण्यातच जातात.

चालण्याच्या प्रवासात आपल्या लोकांनी ही अक्कल केव्हाच वापरली होती. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालत जाणाऱ्या पालखीचं वेळापत्रक बघा: सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, पुन्हा विसावा, मग मुक्काम. विसावा कुठे हे वारकऱ्याला आधी माहीत असतं, म्हणून त्याला शरीराचा हिशेब जमतो. तोच वारकरी परतीच्या जादा गाडीत दाटीवाटीने बसतो, तेव्हा गाडी कुठे आणि किती वेळ थांबेल हे त्याला कुणीच सांगत नाही. तिकिटाच्या मशीनला एवढी अक्कल आली आहे, तर थांब्याचं नाव आणि वेळ तिकिटावर छापायला काय हरकत आहे?

लेकाकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांचा प्रश्न उलटा असतो. विमानात स्वच्छतागृह आहे, पाणी मागाल तेवढं आहे, वाट मोकळी आहे; पण पंधरा-सोळा तासांत ते दोनदाच उठतात. इंग्रजीची धास्ती आणि शेजाऱ्याला उठवायचा संकोच. मोठ्या विमानतळावर वाट चुकेल म्हणून चालता येत असतानाही मुलं त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची मागवतात. सोय म्हणून ठीक, पण मग चालण्याची उरलीसुरली संधीही जाते. मुलांनी खुर्चीऐवजी वाटेकडेची सीट मागावी आणि झोपेची गोळी देऊ नये. गोळी घेतलेला माणूस एका कुशीवर दगडासारखा पडून राहतो.

एका गटाला मात्र टाचा हलवण्यावर सोडून चालणार नाही. नुकतंच मोठं ऑपरेशन झालेले, विशेषतः खुबा किंवा गुडघा बदललेले. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका. कॅन्सरचे उपचार चाललेले. पाळीच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या. आणि आधी कधी गाठ झालेले. मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन करून माणूस गावी निघतो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर पथ्य असतं, गोळ्या असतात. घरी कसे जाणार, किती तास बसणार, हा प्रश्न तिथेच विचारून घ्यावा. दाब देणारे मोजे लागतील, की रक्त पातळ करणारं औषध, हे डॉक्टरांनी ठरवायचं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन घेऊ नये.

दोन्ही पाय सारखे सुजले असतील आणि सकाळपर्यंत उतरले, तर काळजी नाही. एकच पाय सुजला, पोटरी गरम लागते, दाबली की दुखते, तर तेल लावून चोळायला बसू नये. आपल्याकडे पहिली धाव तेलाच्या वाटीकडेच असते आणि गाठ सुटून वर फुप्फुसाकडे जाण्याची भीती त्यातच. दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, तर सकाळची वाट बघू नये. आणि गाडीतून उतरून आठवडा-दोन आठवडे झाले असले, तरी आपण किती तास बसून आलो ते डॉक्टरांना त्यांनी न विचारताच सांगावं.