नोकराच्या वाट्याला आलेली बोली

नाट्यस्पर्धेतल्या नाटकाचा पडदा पडला की वऱ्हाडात दुसरं नाटक सुरू होतं. अमरावतीचं संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन असो की अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह, बाहेरच्या टपरीवर परीक्षकांच्या आधी निकाल लागलेला असतो. अभिनयाचं रौप्यपदक कोणाला, प्रकाशयोजनेनं कोणाची लाज राखली, अंतिम फेरीला कोण जाणार आणि जायला पाहिजे होतं तरी कोण जाणार नाही, याचा पुरा हिशोब चहाच्या दुसऱ्या कटिंगपर्यंत मांडून होतो. 'दुसरा अंक त्या बाईनंच खाल्ला राजेहो.' 'अन् तो हिरो कायले घेतला? त्याले उभं राहता येत नाही.' वाद रंगतो, आवाज चढतात, कोणी तरी मोटारसायकलला मारलेली किक परत थांबवून मुद्दा पुरा करतो.

हा सगळा वाद वऱ्हाडीत चालतो. ज्या नाटकावर तो चालतो, त्यातल्या नायकाच्या तोंडी मात्र बहुतेक वेळा वऱ्हाडीचा एक शब्दही नसतो. वऱ्हाडी बोलतो तो नोकर, नाही तर गावाकडून थैली घेऊन आलेला मामा. त्याचं पहिलं वाक्य पडलं की हशा येतो, आणि रात्री त्याच हशाच्या जोरावर 'याचं प्रमाणपत्र पक्कं' असा निवाडाही होतो. वर्षभर संपादकांच्या डोक्यात हीच एक गोष्ट ठाण मांडून आहे. बाकी सालाचा आढावा त्यामुळे थोडक्यात उरकावा लागेल.

2024 साली सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये कागदावर राहिला आणि बाजार समितीत त्याच्या खालीच बोली लागली. जानेवारीत पिंपरी-चिंचवडला डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली शंभरावं नाट्यसंमेलन झालं. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. म्हणजे हौशी संघांतले मास्तर ऐन तालमीच्या दिवसांत निवडणुकीच्या ड्युटीवर. आणि 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे, तेराव्या शतकात जिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं तिथेच. मराठीचा आद्य गद्यग्रंथ ज्या मातीत झाला, तिथल्या माणसाचं बोलणं आज रंगमंचावर हशा पिकवण्यापुरतं शिल्लक आहे. सत्काराच्या भाषणांत हे कोणी बोललेलं ऐकिवात नाही.

कोणत्याही हौशी संघाच्या तालमीला जाऊन बसावं. दर्यापूरकडचा एखादा पोट्टा वाचनात 'काहून' म्हणतो. दिग्दर्शक थांबवतो, 'का. नुसतं का.' पोरगा 'डोये' म्हणतो. 'ळ, अरे ळ म्हण.' पोरगा जीभ वळवून 'डोळे' म्हणतो आणि तेवढ्या खटाटोपात डोळ्यांतला भाव निघून जातो. चार दिवस असं झाल्यावर त्याची भूमिका बदलते आणि गड्याचं काम त्याच्याकडे येतं. तेव्हा तोच दिग्दर्शक म्हणतो, 'आता बोल बिनधास्त तुझं तू, मजा येते.' या पोराला नायक का केला नाही, यावर टपरीवर कोणी घसा कोरडा करत नाही. पात्रयोजनेवर वाद घालणाऱ्यांना पात्रयोजनेतली ही सगळ्यात मोठी गोम दिसत नाही, हे नवल आहे.

वाद नकोत, असं मुळीच नाही. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. बाजी कोणी मारली यावर त्यानंतर कितीतरी वर्षं लोक भांडले. रसिक भांडतात म्हणून रंगभूमी जिवंत असते. वऱ्हाडाला तर या भांडणाचा वारसाहक्कच आहे. 1905 साली भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभी' लिहिणारे वीर वामनराव जोशीही अमरावतीचेच. 'रणदुंदुभी' 1927 साली बळवंत संगीत मंडळीनं रंगमंचावर आणलं आणि तेजस्विनीच्या भूमिकेत मास्टर दीनानाथ उभे राहिले. त्या काळच्या संगीत नाटकाची भाषा भारदस्तच असायची. त्याबद्दल वामनरावांना बोल लावता येत नाही. पण त्याला आता शतक होत आलं. नाटकाला माणसं पुरवायची आणि बोली विंगेत ठेवायची, ही सवय तेवढी राहिली.

सबब तयार असते. परीक्षक बाहेरगावचे, पुढे अंतिम फेरी, तिथे आपली बोली कळणार नाही, गुण जातील. गुणांचं काय ते परीक्षक जाणोत. कळणार नाही, हे मात्र खोटं आहे. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. त्यांनी सारी मुंबई आपल्या वऱ्हाडी बोलीत हलवली. 8 नोव्हेंबर 1956 ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यासमोर झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकताना कुठेही वाटत नाही की समोरच्यांना दुभाषा लागला असेल. लोक हसतातही, पण बाबा हसवतात तेव्हा. त्यांच्या बोलण्याला कोणी हसत नाही. पुढे 1977 साली राजदत्तांनी 'देवकीनंदन गोपाळा' हा चित्रपट केला आणि बाबांच्या भूमिकेसाठी डॉ. श्रीराम लागूंना घेतलं. साताऱ्याकडचा माणूस ही भूमिका कशी पेलणार, हा प्रश्न तेव्हा विचारण्यासारखा होता. लागूंनी त्याचं उत्तर पडद्यावर दिलं.

मालवणीचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' 1980 साली आलं आणि मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचानं हजारो प्रयोग केले. तेही विनोदीच, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण तिथे सरपंचापासून मास्तरापर्यंत अख्खं गावच मालवणी बोलतं. एकट्या गड्याला वेगळं काढून त्याच्यावर हसायची सोय नाही. विनोद नको असेल तर 2012 चं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' घ्या. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं, नंदू माधव यांनी बसवलेलं. जालन्याकडची पोरं आपल्या मराठवाडी बोलीत शिवाजी महाराजांच्या विचारांवर वाद घालत होती आणि मुंबई-पुण्याचे प्रेक्षक तिकीट काढून ऐकत होते. जालन्याला जमलं ते अकोल्याला का जमू नये?

या मुद्द्यावर भारत गणेशपुरे यांचं नाव घेऊन वाद मिटवणारे बरेच भेटतात. 'चला हवा येऊ द्या'मधून वऱ्हाडी घरोघरी नेली ना आपल्या माणसानं! नेली, आणि झकास नेली. विनोदी नट विनोद करणारच. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार आहे ती त्यांना बघून प्रत्येक संघानं एक गणेशपुरे उभा करायचा ठरवलं, याची. त्यातले निम्मे वऱ्हाडी नाहीतच. नागपुरी, हिंदी आणि मालिकांत ऐकलेलं काहीबाही कालवून ती बोली तयार होते. अचलपूरचं बोलणं बाळापूरच्या कानाला वेगळं लागतं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं बोलीच्या वाटेला जाऊ नये.

यंदाच्या अंकाचा विषय 'घर' आणि संपादकीय नाटकावर कसं, असं कोणी तरी विचारणारच. जोड थोडी ओढूनताणून आहे, पण अगदीच उपरी नाही. मराठी नाटकातलं सगळ्यात गाजलेलं घर आपल्या बाजूचं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याला जन्मलेल्या महेश एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी' लिहिलं आणि 1985 साली विजया मेहतांनी ते बसवलं. तात्याजी गेले आहेत, तेरवीच्या खर्चाची चिंता आहे, दाराशी ट्रॅक्टर गंजत पडला आहे. धरणगावच्या देशपांड्यांचं हे कुटुंब वऱ्हाडी वळणाच्या बोलीत बोलतं. भास्कर याच बोलीत कावतो, वहिनी याच बोलीत घर सांभाळते आणि प्रेक्षागृहात कोणाला हसू फुटत नाही. मुंबईच्या नटांनी हे बोलणं मेहनतीनं जिभेवर आणलं. पुढे चंद्रकांत कुलकर्णी यांनी 1994 साली 'आविष्कार'साठी वाड्याची त्रिनाट्यधारा बसवली. सलग नऊ तास लोक बसून होते. ज्या बोलीसाठी दादरचे नट घाम गाळतात, ती आपल्या पोरांच्या तोंडून पुसण्यात आपले दिग्दर्शक तालमी घालवतात, याला काय म्हणावं?

संहिता नाही, ही शेवटची सबब. उद्धव शेळके यांची 'धग' 1960 साली आली. शिंपीकाम करणारा, पुढे महारोगानं खचलेला महादेव आणि एकटीच्या बळावर संसार ओढणारी कौतिक. कादंबरीतले संवाद वऱ्हाडीत आहेत आणि त्यातलं एकही वाक्य हसण्यासाठी लिहिलेलं नाही. कौतिक ही कोणत्याही नटीचा कस पाहणारी भूमिका आहे. तिला रडून भागायचं नाही. नवऱ्यावर चिडायचं, लेकरांसाठी झिजायचं आणि हट्टानं उभं राहायचं, आणि हे सारं अमरावतीच्या बाजारात रोज कानावर पडतं त्या बोलीत.

तेव्हा वाचकहो, यंदा टपरीवरच्या वादाला एक विषय अंकाकडून घ्या. कौतिक कोणी करावी? अमरावतीची कोण, अकोल्याची कोण, मूर्तिजापूर-अंजनगावकडची एखादी अजून कोणाच्या नजरेत न आलेली कोण? नावं सुचवा, भांडा, एकमेकांची निवड मोडीत काढा आणि अंकाच्या पत्त्यावर कळवा. संघांनी पुढच्या वर्षीची प्रवेशिका भरण्याआधी ती पत्रं वाचावीत. आणि स्पर्धेची नाटकं पाहायला जाल तेव्हा पास मागू नका, तिकीट काढा.