तीस दिवसांची नोटीस

औंढा नागनाथचं दर्शन झालं की पब्लिकची गाडी हमखास सिद्धेश्वर धरणाकडे वळते. पूर्णा नदीवरची सहा किलोमीटरहून लांब भिंत, पुढे नजर पोचेल तिथवर पाणी, फोटो एकदम सही! हे धरण १९६८चं. धरणाने नदीचं, मातीचं, माणसांचं काय होईल याचा अहवाल आधी लोकांपुढे ठेवा, असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. तो नियम आला जानेवारी १९९४मध्ये, आणि सध्याची चौकट १४ सप्टेंबर २००६ची.

आज असं मोठं धरण बांधायचं तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. प्रकल्पवाला सल्लागार नेमून अहवाल करून घेतो, आणि फीसुद्धा तोच देतो. (म्हणजे क्लासच्या सरांकडून स्वतःचा प्रोजेक्ट लिहून घेण्यासारखंच!) मग तज्ज्ञ समिती तो तपासते. पण त्याआधी होते जनसुनावणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी तीच.

सुनावणी घेतं राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. किमान तीस दिवस आधी पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. सारांश छोटा असतो. खरी गंमत, म्हणजे विहिरी, ओढे, धूळ, पाण्याचा हिशेब, शेकडो पानांच्या इंग्रजी अहवालात असते. गावाकडे बाबांनी तो कधी वाचायचा?

इथे तुमचा रोल येतो, बॉस. हिंगोली-परभणीहून पुण्यात येऊन दिवसभर इंग्रजी पीडीएफ वाचणारे तुम्हीच ना? सुनावणीला जायला रजा मिळाली नाही तरी लेखी हरकत पाठवता येते. फक्त ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. सुनावणीत मतदान नसतं. ‘आमच्या गावचा अमुक ओढा नकाशात दाखवलेला नाही’ असा नेमका मुद्दा आला, तर प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात त्याचं उत्तर द्यावं लागतं.

शहरात मात्र उलटा प्रकार. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारतींना जनसुनावणीतून सूट आहे. तुमच्या खिडकीसमोर टॉवर येतोय? तुम्हाला कुणी विचारणार नाही.

२०२०मध्ये केंद्राच्या नव्या मसुद्यात हे तीस दिवस वीसवर आणायचं घाटत होतं. मसुदाही फक्त हिंदी-इंग्रजीत! दिल्ली हायकोर्टाने त्याच वर्षी ३० जूनला तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणायला सांगितलं.

आणि हो, गावी सुनावणीला गेलातच तर चहा-बिस्किटं झाली म्हणून लगेच उठू नका. शेवटी कामकाजाचा गोषवारा सगळ्यांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. तुमचा ओढा त्यात आला नसेल, तर तिथेच हात वर करा.