वडिलांचे नागरिकत्व

हॅरी डायनहोवन हे न्यूझीलंडमधल्या न्यू प्लिमथचे मजूर पक्षाचे खासदार आणि हेलन क्लार्क यांच्या सरकारातले मंत्री होते. वडील नेदरलँड्सचे, म्हणून डच नागरिकत्व जन्मतःच मिळालेले. डच कायद्यामुळे ते मध्यंतरी गेले. 2003 मध्ये ते परत मिळावे म्हणून डायनहोवन यांनी अर्ज केला आणि तो अर्जच त्यांना भोवला. परदेशी नागरिकत्व मागणाऱ्या खासदाराची जागा रिकामी होते, असे तिथल्या 1993 च्या निवडणूक कायद्यात लिहिलेले होते.

वडिलांकडून आलेली गोष्ट परत मागणे हा देशद्रोह नव्हे. कायदाच आंधळा होता. पण सरकारने शोधलेली वाटही आम्हाला पटत नाही. संसदेने घाईघाईने मागील तारखेपासून लागू होणारा कायदा केला आणि एका मंत्र्याची जागा वाचवली. डायनहोवन यांनी मतदारांसमोर जायला हवे होते. 2002 मध्ये ते प्रचंड मताधिक्याने निवडून आले होते, भीती कसली होती? ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांची खासदारकी 2017 मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली, तीही वडील न्यूझीलंडमध्ये जन्मलेले म्हणून. जॉइस पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि जिंकले. डायनहोवन 2005 मध्ये पुन्हा निवडून आले, 2008 मध्ये अवघ्या 105 मतांनी हरले, पुढे न्यू प्लिमथचे महापौर झाले. गावाने त्यांना कधी परके मानले नाही.

दोन देशांच्या नागरिकत्वाचा हा प्रश्न ऑकलंडमधल्या मराठी घरांनाही भिडतो. न्यूझीलंडमध्ये कायम वास्तव्याचा परवाना आणि वर्षभराचा मुक्काम असला की मत देता येते. निवडणुकीला उभे राहायचे तर मात्र नागरिक व्हावे लागते, आणि तसे झाले की आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याने भारताचे नागरिकत्व तिथेच संपते. कोपरा कापलेला, रद्दचा शिक्का बसलेला जुना पासपोर्ट कपाटात आईच्या फोटोशेजारी जपून ठेवला जातो. बदल्यात मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर भारतात व्हिसाविना येता येते, पण मत देता येत नाही, गावाकडे शेतजमीन विकत घेता येत नाही.

खासदारकी आणि मंत्रिपद केवळ भारताच्याच नागरिकाला असावे, याला आमची हरकत नाही. पण जन्माने भारतीय असलेल्याला दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेताना पहिला परत करायला लावू नये. संसदेने 1955 च्या कायद्यातले नववे कलम बदलावे. आणि ते कुणा एकासाठी नव्हे, सर्वांसाठी, उघड चर्चा करून.